घरचा डिजिटल संग्रह सचोटीने कसा उभारावा

पुण्यातल्या बऱ्याच घरांत एकाच कुटुंबाची पुस्तके, गाणी आणि चित्रपट आज चार-पाच ठिकाणी विखुरलेले असतात. कपाटात छापील पुस्तके, माळ्यावर कॅसेटींची आणि सीडींची खोकी, जुन्या लॅपटॉपवर कुठूनकुठून जमलेल्या पीडीएफ आणि फोनवर दरमहा पैसे कापून घेणारी दोन-तीन सदस्यत्वे. यांतले खरोखर आपले किती, आणि जे आपले नाही ते ठेवावे की काढून टाकावे, असा प्रश्न ज्यांना पडतो त्यांच्यासाठी हे टिपण आहे. कायद्याचा उल्लेख त्यात ठिकठिकाणी येईल. पण शिक्षेच्या धाकाने संग्रहाला शिस्त लागत नाही. पैसे कशाला द्यायचे आणि प्रत कशाची निर्धास्तपणे करायची, हे एकदा स्वतःशी ठरवावेच लागते.

माझी भूमिका आधीच सांगून टाकतो. जे आपण विकत घेतले त्याची स्वतःच्या वापरासाठी आणि जपणुकीसाठी प्रत करण्यात मला काही गैर वाटत नाही. उलट ती करावीच. तीच प्रत दुसऱ्याच्या हाती देणे ही मात्र निराळी कृती आहे. या दोहोंना एकाच मापाने मोजल्यामुळे एकीकडे स्वतःच्या सीडीची प्रत करतानाही अपराधी वाटणारे लोक दिसतात, तर दुसरीकडे कालच प्रसिद्ध झालेली कादंबरी व्हॉट्सॲपच्या सगळ्या गटांवर पाठवून वाचनसंस्कृती वाढवल्याचे समाधान मानणारेही भेटतात.

आधी मोजदाद

एक वही घ्यावी किंवा संगणकावर तक्ता करावा. प्रत्येक वस्तूपुढे तीन गोष्टी लिहाव्यात: ती कोठून आली, कोणाला पैसे दिले आणि ती उघडण्यासाठी कोणाच्या ॲपची किंवा खात्याची गरज लागते. तिसरा रकाना भरताना अनेकांचा हिरमोड होतो, कारण रीतसर पैसे मोजून घेतलेली ई-बुकेसुद्धा विक्रेत्याच्या ॲपबाहेर उघडत नाहीत, हे तेव्हा पहिल्यांदा ध्यानात येते. पहिल्या रकान्यात ‘कुठूनतरी आली’ असे लिहावे लागणाऱ्या फाइलींची संख्या सहसा सर्वांत मोठी निघते. त्या लगेच पुसू नयेत. त्यांचे काय करायचे ते पुढे पाहू.

विकत घेतले की वापरायला मिळाले

पडद्यावर ‘विकत घ्या’ असे बटण असले, तरी बहुतेक वेळा आपल्याला मिळतो तो वापराचा परवाना. २००९ च्या जुलैमध्ये ॲमेझॉनने जॉर्ज ऑर्वेल यांची दोन पुस्तके ग्राहकांच्या किंडलवरून परस्पर पुसून टाकली होती. ज्याने ती दुकानात विक्रीस ठेवली त्याच्याकडे हक्क नव्हते, हे कारण खरे होते आणि पैसेही परत मिळाले. पण ग्राहकाच्या घरातले पुस्तक कंपनीला हवे तेव्हा काढून नेता येते, हे त्या दिवशी जगाला कळले. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले, तेव्हा तेथून घेतलेली पुस्तके उघडेनाशी झाली. तेथेही ग्राहकांना परतावा मिळाला. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून असा कायदा लागू आहे की, ग्राहकाला केवळ परवाना मिळत असेल तर विक्रेत्याने तसे स्पष्ट सांगितल्याखेरीज ‘विकत घ्या’ असे शब्द वापरू नयेत. कायमची उतरवून घेता येणारी फाइल मिळत असेल, तर त्या विक्रेत्याला या कायद्यातून सूट आहे. आपल्याकडे ही चौकशी ग्राहकाने स्वतःच करायची असते.

ती अशी करावी. पैसे भरण्यापूर्वी फाइल स्वतःच्या डिस्कवर उतरवता येते का, आणि उतरवलेली फाइल दुसऱ्या कोणत्याही ॲपमध्ये उघडते का, हे पाहावे. ईपब, पीडीएफ, एमपी३ किंवा फ्लॅक या स्वरूपांतली, कुलूप नसलेली, म्हणजे एकाच ॲपला किंवा खात्याला न बांधलेली, फाइल मिळत असेल तर थोडे जास्त पैसेही खुशाल द्यावेत. संगीतासाठी बँडकॅम्पसारखी संकेतस्थळे अशा फाइली देतात. मराठी पुस्तकांच्या बाबतीत हा पर्याय क्वचितच मिळतो. म्हणून जे पुस्तक पुन्हा पुन्हा वाचायचे आहे ते छापील घ्यावे, आणि जे एकदाच वाचायचे त्याला ॲपमधले स्वस्त ई-बुक पुरते.

सदस्यत्वाला माझा विरोध नाही. पुणे नगर वाचन मंदिरातून १८४८ पासून लोक पुस्तके घरी नेत आले आहेत, आणि वर्गणी भरली म्हणून पुस्तक आपले झाले असा समज त्यांपैकी कोणी करून घेतलेला नाही. ओटीटीकडे त्याच नजरेने पाहिले म्हणजे आवडता चित्रपट तेथून एके दिवशी नाहीसा झाल्यावर फसवणूक झाल्यासारखे वाटत नाही.

येथे एक अवघड प्रश्न येतो. कुलूपबंद पुस्तक पैसे देऊन घेतले आणि दुकानच बंद पडले, तर तेच पुस्तक चोरट्या मार्गाने उतरवून घ्यावे का? लेखकाचे देणे आपण फेडलेले असते, त्यामुळे असे करणाऱ्याला मी चोर म्हणणार नाही. परंतु अशा फाइली बहुधा टोरंटवरून, म्हणजे लोकांनी एकमेकांच्या संगणकांवरून फाइली उतरवून घेण्याच्या पद्धतीने, मिळतात; आणि टोरंटची रचनाच अशी आहे की, आपण फाइल उतरवत असतानाच तिचे तुकडे आपल्या संगणकावरून इतरांकडे जात राहतात. म्हणजे स्वतःपुरती प्रत घेण्याच्या नावाखाली आपण वाटपही करत असतो, आणि ज्यांना ते तुकडे मिळतात त्यांनी लेखकाचे देणे फेडलेले नसते. शिवाय कायदा या अडचणीला सूट देत नाही. म्हणून माझे उत्तर ‘नाही’ असेच आहे, जरी ते देताना दुकानदारावरचा राग कमी होत नसला तरी.

कॅसेटी आणि सीडी

पूर्वी गाण्यांची यादी देऊन दुकानातून कॅसेट भरून घेण्याची पद्धत होती. तशा कॅसेटी अजून घरोघर आहेत, आणि त्यांच्यासोबत आकाशवाणीवरून टेप केलेले कार्यक्रम, लग्नातली मंगलाष्टके, आजीच्या आवाजातल्या ओव्या. डिजिटल करण्याचा क्रम ठरवताना एकच कसोटी लावावी: जगात जिची दुसरी प्रत नाही ती कॅसेट सर्वांत आधी. बाजारात आजही मिळणाऱ्या भावगीतांच्या कॅसेटला घाई नसते.

खोके उघडल्यावर कॅसेटच्या खिडकीतून फितीची कड उजेडात पाहावी. पांढरट ठिपके दिसले तर ती बुरशी असते. पुण्याच्या पावसाळ्यात बंद माळ्यावर ती हमखास धरते. अशी फीत तशीच वाजवली तर बुरशी यंत्राच्या हेडवर, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागावर, बसते आणि पुढची प्रत्येक कॅसेट खराब करते. बुरशीची कॅसेट बाजूला ठेवून आधी बाकीच्या उरकाव्यात. कॅसेटच्या वरच्या कडेवरचे दोन छोटे प्लॅस्टिकचे पडदे शाबूत असतील तर ते मोडून टाकावेत, म्हणजे चुकून रेकॉर्डचे बटण दाबले गेले तरी मूळ आवाज पुसला जात नाही. नंतर फीत एकदा शेवटपर्यंत पुढे आणि पुन्हा मागे न्यावी, जेणेकरून वर्षानुवर्षे एकमेकांना चिकटलेले वेढे सुटे होतात. फितीच्या मागे, कॅसेटच्या तोंडाशी, नमद्याची एक बारीक गादी असते. ती गळून पडली असेल तर आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा येतो. स्क्रूची कॅसेट असल्यास दोन्ही चक्रे फितीसकट दुसऱ्या चांगल्या कवचात बसवता येतात. डेकचे, म्हणजे कॅसेट वाजवणाऱ्या यंत्राचे, हेड दर चार-पाच कॅसेटींनंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीने पुसावे.

डेकच्या लाइन आउटमधून, म्हणजे आवाज बाहेर देणाऱ्या खाचेतून, संगणकात आवाज घ्यायचा असतो. बऱ्याच लॅपटॉपना आता लाइन इनची वेगळी खाच नसते, म्हणून यूएसबीला जोडायचे छोटे ध्वनियंत्र लागते. ते आणि त्याच्या वायरी तपकीर गल्लीत मिळतात. ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर या कामाला पुरेसे आहे. आवाजाची पातळी अशी ठेवावी की सर्वांत मोठा स्वरही उणे ६ डेसिबलच्या आसपास राहील, कारण पातळी ओलांडून फाटलेला आवाज नंतर दुरुस्त होत नाही. ४४.१ किलोहर्ट्झ आणि १६ बिट हे सीडीचे प्रमाण ठेवले तर स्टिरिओ ध्वनीच्या एका मिनिटाला साधारण १० एमबी जागा लागते, म्हणजे तासाच्या कॅसेटला ६०० एमबीहून थोडी अधिक. फ्लॅक स्वरूपात साठवल्यास गुणवत्ता न गमावता जागा बरीच वाचते. खरखर काढण्याचा मोह आवरावा, निदान मूळ फाइलवर तरी काही करू नये. साफ केलेली प्रत वेगळी ठेवावी. निवेदकाचा आवाज, मध्येच वाजलेली कुकरची शिट्टी, कोणाचा तरी खोकला हे सारे राहू द्यावे.

हे कायद्यात बसते का? भारताच्या १९५७ च्या प्रताधिकार कायद्यातील कलम ५२ नुसार खासगी किंवा वैयक्तिक उपयोगासाठी केलेला न्याय्य वापर हा हक्कभंग ठरत नाही, आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर संगणक प्रणाली वगळता साहित्य, संगीत, चित्रपट अशा सर्व प्रकारच्या कलाकृतींना ही तरतूद लागू झाली. प्रक्षेपणाच्या बाबतीत कलम ३९ स्वतःच्या खासगी वापरासाठी ध्वनिमुद्रण करू देते, त्यामुळे रेडिओवरून टेप केलेल्या मैफलीबद्दल अवघडून जाण्याचे कारण नाही. डीव्हीडीवरचे कुलूप तोडण्याविषयी कलम ६५अ आहे. ते हक्कभंगाच्या हेतूने तोडलेल्या कुलपाला शिक्षा सांगते, आणि कायद्याने ज्याला मनाई केलेली नाही अशा कामाची वाट मोकळी ठेवते. दुकानातून भरून घेतलेली कॅसेट मात्र जन्मतःच चोरटी प्रत होती. तिच्यावरची गाणी आज रीतसर मिळत असतील तर ती विकत घ्यावीत. त्यासाठी फार खर्च येत नाही.

प्रत केल्यावर मूळ कॅसेट किंवा सीडी जपून ठेवावी. ती विकली अथवा कोणाला दिली, तर आपल्याकडची प्रतही पुसावी. घरी भरलेल्या कोऱ्या सीडी कारखान्यात छापलेल्या सीडींपेक्षा लवकर निकामी होतात. त्यांच्याकडे आधी लक्ष द्यावे.

हक्क संपला का, हे कसे पाहावे

भारतात साहित्यकृतीचा हक्क लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर, पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून मोजून, ६० वर्षे टिकतो. पूर्वी ही मुदत ५० वर्षांची होती; रवींद्रनाथ ठाकूर यांच्या साहित्याचा हक्क १९९१ अखेर संपत आला, तेव्हा ती वाढवण्याची मागणी झाली आणि १९९२ च्या दुरुस्तीने ६० वर्षे झाली. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यामुळे त्यांचे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन १ जानेवारी २०११ पासून सर्वांसाठी खुले आहे. बा. सी. मर्ढेकर आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे दोघेही १९५६ मध्ये गेले; त्यांच्या बाबतीत हा दिवस १ जानेवारी २०१७. आचार्य अत्रे यांचे निधन १९६९ चे, म्हणजे २०२९ संपेपर्यंत थांबावे लागेल, वि. स. खांडेकरांसाठी २०३६, आणि पु. ल. देशपांडे यांच्यासाठी २०६०. लेखकाच्या मृत्यूनंतर पहिल्यांदा छापलेल्या लेखनाची ६० वर्षे त्या प्रसिद्धीपासून मोजतात.

हिशेब करताना थर विसरू नयेत. ज्ञानेश्वरी सर्वांची आहे, पण तिचे गेल्या दशकातले सार्थ रूपांतर करणाऱ्याचा हक्क स्वतंत्र आहे. चित्रपट आणि ध्वनिमुद्रणे यांची मुदत प्रसिद्धीनंतर ६० वर्षांची असते, तरीही गाण्याचे शब्द आणि चाल यांचे घड्याळ वेगळे चालते. पुणे आकाशवाणीवरून १९५५-५६ मध्ये प्रसारित झालेले गीतरामायण घ्या. गदिमा १९७७ मध्ये आणि सुधीर फडके २००२ मध्ये गेले, त्यामुळे त्या गीतांच्या एखाद्या जुन्या मुद्रणाची मुदत संपली, तरी शब्दांवरचा हक्क २०३७ अखेरपर्यंत आणि संगीतावरचा २०६२ अखेरपर्यंत राहतो. ‘जुने आहे, म्हणजे मोफत आहे’ हा समज असा फसवा असतो.

ज्यांची मुदत संपली आहे अशी पुस्तके मराठी विकिस्रोतावर मिळतात. मराठी विश्वकोश तर राज्य शासनानेच संकेतस्थळावर मोफत वाचायला ठेवला आहे, आणि ई साहित्य प्रतिष्ठानसारखे उपक्रम लेखकांच्या संमतीने पुस्तके वाटतात. चोरट्या पीडीएफच्या मागे लागण्याआधी हे भांडार संपवायला माणसाला एक आयुष्य पुरणार नाही.

गटावर आलेली पीडीएफ

‘मामा, नवी कादंबरी गटावर आली आहे, पाठवू का?’ असा निरोप भाच्याकडून आला, तर त्याला तत्त्वज्ञान ऐकवू नये. ‘नको रे, मी पुस्तक मागवतो, माझे वाचून झाले की तू घेऊन जा,’ एवढे पुरते, आणि छापील प्रत अशी हातोहात देणे पूर्णपणे रीतसर आहे.

स्वतःला पटण्यासाठी मात्र आकडे मांडून पाहावेत. मराठी पुस्तकाची आवृत्ती साधारणपणे हजार प्रतींची असते, अलीकडे पाचशेचीही निघते. व्हॉट्सॲपच्या एका गटात १,०२४ जण असू शकतात. म्हणजे भरलेल्या एका गटावर टाकलेली एक पीडीएफ ही अख्ख्या आवृत्तीइतक्या लोकांच्या हाती जाते. त्यांतले बहुतेक ती उघडणारही नाहीत, हे मान्य. आणि प्रत्येक उतरवलेली प्रत ही एक बुडालेली विक्री असते, हा प्रकाशकांचा हिशेबही मला पटत नाही. पण तीनशे रुपयांच्या पुस्तकावर लेखकाला दहा टक्के मानधन धरले, तर प्रतीमागे तीस रुपये होतात. हजाराच्या आवृत्तीत शंभर वाचक गळाले तरी दुसरी आवृत्ती निघणार की नाही हे त्यावर ठरू शकते, इतका हा व्यवहार लहान आहे. हॉलिवुडच्या चित्रपटाबद्दल केला जाणारा ‘त्यांना काय फरक पडतो’ हा युक्तिवाद मराठी पुस्तकाला लागूच पडत नाही.

अप्पा बळवंत चौकात संपूर्ण पाठ्यपुस्तकाची झेरॉक्स काढून घेणारे विद्यार्थी २०१६ च्या दिल्ली उच्च न्यायालयाच्या निकालाचा दाखला देतात. तो निकाल अध्यापनाच्या ओघात वापरण्यासाठी अभ्यासक्रमाप्रमाणे निवडलेल्या उताऱ्यांच्या संचाविषयी होता. कोणतेही पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत छापून विकण्याची ती मुभा नाही. पदपथावरच्या निम्म्या किमतीच्या नव्याकोऱ्या पुस्तकांची पारखही सोपी आहे: कागद पातळ, मागच्या मुखपृष्ठावरचे छायाचित्र धुरकट आणि समासातला मजकूर तिरका. जुन्या बाजारातले वापरलेले पुस्तक घ्यायला मात्र काहीच हरकत नाही, कारण त्या प्रतीचे पैसे एकदा लेखकापर्यंत गेलेले असतात.

एक अपवाद आवर्जून लक्षात ठेवावा. शेजारच्या दृष्टिहीन विद्यार्थ्यासाठी आपल्याकडचे पुस्तक स्कॅन करणे, वाचून ध्वनिमुद्रित करणे आणि ते त्याला देणे याला कायद्याने २०१२ पासून परवानगी आहे. तेथे संकोच करू नये.

जे कोठेच मिळत नाही

चाचेगिरीच्या बाजूने होणारा एकच युक्तिवाद मला वजनदार वाटतो, तो जतनाचा. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून पुण्यात आहे, आणि याच शहरात २००३ च्या जानेवारीत फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातील चटकन पेट घेणाऱ्या जुन्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागून जुन्या चित्रपटांच्या कितीतरी प्रती नष्ट झाल्या. एकाच जागी ठेवलेली वस्तू कशी जाते, हे पुणेकरांना निराळे सांगायला नको. परंतु हा युक्तिवाद ज्याच्या प्रती दुर्मिळ आहेत त्यालाच लागू पडतो. गेल्या शुक्रवारी प्रदर्शित झालेल्या चित्रपटाला जतनाची गरज नसते. चित्रपटगृहात मोबाइलवर तो टिपणाऱ्याला २०२३ च्या सिनेमॅटोग्राफ कायदा दुरुस्तीनुसार किमान तीन महिने कैद आणि तीन लाख रुपये दंड होऊ शकतो.

अनुपलब्ध पुस्तकासाठी आधी प्रकाशकाला पत्र किंवा ईमेल पाठवावे. मागणी आली की काही प्रकाशक शिल्लक प्रती शोधून देतात, तर काही थोड्या प्रती छापून घेतात. लेखकाच्या वारसांची नावे अनेकदा मुखपृष्ठानंतरच्या हक्कांच्या पानावर असतात. त्यांच्याकडे विचारणा करता येते. त्यानंतर ग्रंथालय. भारतात विक्रीस नसलेल्या पुस्तकाच्या तीनपर्यंत प्रती वापरासाठी करण्याची, आणि संग्रही असलेल्या पुस्तकाची जतनासाठी डिजिटल प्रत ठेवण्याची मुभा कायद्याने सार्वजनिक ग्रंथालयांना दिली आहे. ग्रंथपालांनाच अनेकदा ती ठाऊक नसते, म्हणून नम्रपणे आठवण करून द्यावी.

आता ‘कुठूनतरी आलेल्या’ फाइली. ज्यांची मुदत संपली आहे त्या ठेवाव्यात. ज्या कृती बाजारात मिळतात त्या हव्या असतील तर विकत घ्याव्यात, नको असतील तर पुसाव्यात. त्यांतल्या बहुतेक आपण कधी उघडणारही नव्हतो हे पुसताना कळते. हक्क शिल्लक आहे पण पुस्तक कोठेच मिळत नाही, अशा थोड्या फाइली उरतील. कायदा त्यांना सूट देतो असे समजू नये. माझ्यापुरते मी असे धरतो की त्या कोणाला पाठवायच्या नाहीत, आणि पुस्तक पुन्हा बाजारात आले की पहिल्याच आठवड्यात घ्यायचे. चोरट्या सॉफ्टवेअरला मात्र ही सवलतही नको. ते जाणूनबुजून वापरण्यासाठी कलम ६३ब मध्ये किमान सात दिवसांच्या कैदेची तरतूद आहे, आणि लिबरऑफिससारखे लेखन-हिशेबाचे सॉफ्टवेअर फुकट मिळत असताना त्याची गरजही नसते.

साठवण आणि वारसा

प्रत्येक फाइलच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक घराबाहेर, हा जगभर रूढ असलेला नियम पाळावा. घराबाहेरची डिस्क मुलीच्या किंवा भावाच्या घरी ठेवली तरी चालते. विकत घेतलेल्या फाइलींच्या पावत्या त्याच फोल्डरमध्ये पीडीएफ करून ठेवाव्यात, आणि वहीतल्या यादीला डिस्कवरच्या फोल्डरांची नावे जोडावीत, म्हणजे आपल्या मागे कोणाला शोधायचे झाले तर चाचपडावे लागत नाही. ॲपमधली खरेदी वारसांकडे जाईलच असे नाही. अनेक कंपन्यांच्या अटींत खाते दुसऱ्याच्या नावे करता येत नाही असे स्पष्ट लिहिलेले असते, तेव्हा त्या ओळीपुढे ‘खात्यासोबत संपेल’ अशी खूण करून ठेवावी. कुटुंबाच्या स्वतःच्या ध्वनिमुद्रणांच्या प्रती मात्र सगळ्या चुलत आणि मावस घरी वाटून टाकाव्यात. वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, डिस्क लावून प्रत्येक फोल्डरमधल्या दोन-चार फाइली उघडून पाहाव्यात, आणि जी उघडत नाही ती त्याच दिवशी दुसऱ्या प्रतीवरून पुन्हा उतरवून घ्यावी.